स्टेशनमास्तर गाडीत बसले

लंडन,
९ ऑक्टोबर १९६६

ती. हेटीताईस,
धाकट्या क्लेमचा सा. न. वि. वि.

तू विणलेला मफलर पोचला. ऊनाच्या मते तो रंग माझ्या वयाला शोभत नाही, म्हणून आतापर्यंत तीच तो घालून दोनदा बाजारात जाऊन आली. माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण भूक उत्तम आहे.

गेल्या आठवड्यात एका सिनेमासाठी बिशप झालो होतो. म्हणजे काय, तर राणीच्या मागे उभं राहून मान हलवायची आणि मग दार उघडून तिला वाट करून द्यायची. ऊना म्हणते, चाळीस वर्षांत मी जेवढी दारं उघडलीत तेवढी एखाद्या सुतारानं बसवलीही नसतील. खोटं नाही ते. बटलर झालो, हवालदार झालो, वकिलाचा कारकून झालो, आणि तीन सिनेमांत तर पडदा उजळायच्या आतच माझा खून झालेला होता. तक्रार नाही. या धंद्यात माझ्यासारखे लोक लागतातच, आणि लागतात म्हणून आमचं पोट भरतं.

आता मुख्य बातमी. त्याआधी चहा करून घे. मी 'थॉर्नबेक स्टेशन' सोडतोय.

सात वर्षं दर बुधवारी ती टोपी घालून, शिट्टी फुंकून, मिस्टर ओल्डरॉइड स्टेशनमास्तर होऊन मी लोकांच्या बैठकीत शिरलो. टीव्हीनं मला जे प्रेम दिलं ते नाटकानं आणि सिनेमानं मिळूनही दिलं नसतं. मालिका आणखी चालणार आहे, मला कुणी काढलेलं नाही. मीच सांगितलं, पुरे.

लायनेल पेटिफर गेल्याचं मागे कळवलं होतं. श्रूझबरीच्या नाटक कंपनीत आम्ही एका खोलीत राहायचो आणि बाहेर जायचा एक कोट दोघांत वापरायचो. त्याच्या बायकोनं मला चर्चमध्ये उतारा वाचायला सांगितलं. मी उठलो, चष्मा लावला, आणि तोंड उघडायच्या आत मागच्या बाकांवरून हसू आलं. वाईट मनानं नव्हे. लोकांना वाटलं असेल, आता हा लीड्सच्या गाडीची घोषणा करणार. लायनेलच्या बायकोलाही हसू आवरेना, आणि मग ती फार रडली. ताई, माझा मित्र समोर पेटीत होता आणि मला त्याच्यासाठी चार ओळी धड वाचता आल्या नाहीत. परत येताना ऊनाला म्हटलं की मी आता नट राहिलो नाही, नुसती टोपी झालोय.

त्याच आठवड्यात एक नवीन नाटक आलं. लिहिणारी मुलगी वयानं एवढीशी आहे, पण लेखणी भारी. नाटकात दोन म्हातारे आहेत, त्यांतला एक मी. कोणता ते सांगणार नाही, तू येऊन बघ. फेब्रुवारीत तालमी.

ऊनाचा नमस्कार. माया कमी करू नकोस, बातमी पचायला जड असली तरी.

तुझा,
क्लेम


टॉडमॉर्डन,
१४ ऑक्टोबर १९६६

चि. क्लेमला,
हेटीचे अनेक आशीर्वाद, रागासकट.

चहा केला, पत्र वाचलं, आणि मग दुसरा चहा करावा लागला. सोमवारपासून उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते. हा चौथा कागद आहे, तेव्हा यात जे येईल ते गोड मानून घे.

तू चौसष्ट वर्षांचा आहेस. या वयात माणसं हातचं काम धरून ठेवतात आणि तू चालू गाडीतून उडी मारतोस. तेही कशासाठी, तर चर्चमध्ये कुणी हसलं म्हणून. लायनेलला स्वतःला ते ऐकू आलं असतं तर तो सगळ्यांत मोठ्यानं हसला असता. दोनदा आपल्याकडे जेवायला आला होता तो, मला माहीत आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुला ठाऊक आहे. आपले बाबा जन्मभर या स्टेशनवर ओझी वाहत राहिले. त्यांना कधी कुणी मिस्टर म्हटलं नाही. तू त्यांना मिस्टर केलंस, डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी ठेवलीस. बोलायच्या आधी दोन्ही हातांनी कोटाचा काठ खाली ओढणं, गाडी वळणाआड गेली तरी त्या दिशेला बघत राहणं, हे कुठून आलं ते काय मला कळत नाही? शेजारची मिसेस हेलीवेल दर बुधवारी स्वतःची उशी घेऊन माझ्याकडे येते. ती मिस्टर ओल्डरॉइडला बघते. मी बाबांना बघते. तिला हे कधी सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की चॅपलभर होतं.

ते लेखक लोक आता त्यांना मारतील. नट गेला की पात्राला मारायची पद्धतच आहे म्हणे तुमच्याकडे. मारलंत तर इकडे यायचं नाही, एवढं सांगून ठेवते.

बाकी ठीक. चॅपलचं छत गळतंय. मिसेस हेलीवेलचा पोपट उडून गेला होता, तो खाटकाच्या दुकानात सापडला. खिडकीतल्या ससाण्याच्या चित्राला घाबरून कपाटामागे बसला होता. पार्किन, तो आल्याचा केक, करून ठेवलंय, आलं जरा जास्त पडलंय. डबा पाठवते. रागावलेल्या माणसाच्या हातचं आहे, तरी खा.

ऊनाला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव तेवढाच आहे, फक्त या महिन्यात तो दिसणार नाही.

हेटी


लंडन,
२ डिसेंबर १९६६

ती. हेटीताईस,
सा. न. वि. वि.

पार्किन खाल्लं. आल्यानं डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा रागही पोचला असं समज.

काल शेवटचं चित्रण झालं. लेखकांनी मला विचारलं होतं की मिस्टर ओल्डरॉइडला हृदयविकारानं न्यावं की रुळांवर. मी म्हटलं, त्यांना कुठेही न्या, पण जिवंत न्या; माझी बहीण टॉडमॉर्डनला राहते आणि तिचा हात जड आहे. ते हसले, पण त्यांनी ऐकलं. मग ठरलं असं की जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना गाडीत बसवलं तो आता स्वतः बसणार. निवृत्त होऊन फायली गावाला, समुद्रकाठी, बहिणीकडे. हो, त्यालाही बहीण दिली त्यांनी. ती फक्त पत्रातून रागावते.

फार थंडी होती. मी पेटी घेऊन डब्यात चढलो. मला चार वाक्यं दिली होती, ती म्हटलीच नाहीत. नुसता खिडकीशी बसलो. नव्या स्टेशनमास्तरनं शिट्टी फुंकली, गाडी हलली, आणि दिग्दर्शकानं तेच ठेवलं. नंतर मी तिथेच बसून राहिलो. इंजिनवाल्याला वाटलं मला झोप लागली, तो हलवायला आला.

बाबांचं म्हणशील तर तुझं खरं आहे. पहिल्या वर्षी मला कळतही नव्हतं की मी त्यांना घेऊन उभा आहे. ऊनानं सांगितलं, आणि तिनं तर त्यांचा फक्त फोटो पाहिला होता. त्यांच्या कोटात मला ऊब मिळाली, ताई. पण सात वर्षांनी असं झालंय की घरी चहा ओततानाही हात त्यांचेच असतात. मला माझे हात परत हवेत. ते कसे होते तेही आता आठवत नाही.

नाताळला येत नाही, तालमीआधी गुडघ्याचा इलाज करून घेतोय. ऊना केक पाठवते आहे. आपल्या पोटातली जागा केकसाठी राखून ठेवावी, मनातली आमच्यासाठी आहेच.

तुझा,
क्लेम


टॉडमॉर्डन,
२० जानेवारी १९६७

चि. क्लेमला,
थंडीत गारठलेल्या हेटीचे आशीर्वाद.

बुधवारी तुझा शेवटचा भाग झाला. माझ्या बैठकीत बसायला जागा नव्हती. ज्यांच्याकडे स्वतःचा टीव्ही आहे तेही आले, कारण म्हणे घरच्या माणसाला निरोप घरातूनच द्यायचा. मिसेस हेलीवेलनं हॅम सँडविच आणले, ते आपल्याकडे मयताच्या दिवशी करतात तसेच, मोहरी लावून. 

तू गाडीत बसलास. मी किटली बघायच्या निमित्तानं आत गेले. किटली रिकामी होती. इतकंच सांगते.

दुसऱ्या दिवसापासून डोक्याला ताप झालाय. पोस्टातली मुलगी विचारते, फायलीला हवा मानवली का त्यांना. खाटकानं तुझ्यासाठी ताजी भाजलेली पोर्क पाई बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आणि मिसेस हेलीवेल, जी तुला तू चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते, तिनं मला हळूच विचारलं की फायलीची ती बहीण कोण, कारण तिला तर फक्त माझीच माहिती होती. मी म्हटलं, बाई, मी काय मेले का? तर म्हणाली, तसं नाही, पण माणसाच्या घरच्या गोष्टी आपल्याला कुठे सगळ्या कळतात.

चांगला गेलास, क्लेम. मरण्यापेक्षा पुष्कळ बरं. बाबांना एकदा तरी गाडीत बसून लांब कुठेतरी जायला मिळालं. ते कधी ब्लॅकपूलच्या पुढे गेले नव्हते.

आता राग नाही. पण नाटकाला येणार नाही, आग्रह करू नकोस. लंडन लांब, माझी कंबर अशी. शिवाय तिथे बाबा नसणार. नुसता क्लेमच दिसणार, आणि त्याला बघायला तिकीट काढून कशाला जायचं? तो दिवाळखोर चेहरा मला पाठ आहे.

चॅपलच्या छताखाली सध्या बादली आहे. प्रवचनात मध्ये मध्ये टप टप होतं, त्यामुळे कुणाला झोप लागत नाही.

गुडघ्याला लोकरी पट्टी बांध. आमची आठवण ठेव, आम्ही तर विसरू म्हटलं तरी गाव विसरू देत नाही.

हेटी


ब्रायटन,
१७ मार्च १९६७

ती. हेटीवन्संना,
ऊनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र क्लेमला न सांगता लिहिते आहे, आणि त्यानं विचारलं तर मी तुम्हाला केकची कृती पाठवली असं सांगा.

नाटक लंडनला लागण्याआधी दोन गावांत करून बघतात. इथे आठवडा झाला, पुढे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लीड्सला. तालमीत क्लेमनं असं काम केलं की लिहिणारी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी स्वतः काही वर्षं या धंद्यात होते, नवऱ्याचं उगाच कौतुक करणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पण पहिल्या दिवशी दार उघडून तो आत आला आणि लोक हसले. हसले आणि टाळ्या वाजवल्या. वरच्या गॅलरीतून एकानं विचारलं, गाडी किती उशिरा आहे. तो प्रसंग घरात कुणी मरायला टेकलंय असा आहे. त्यानं नेटानं पुढे रेटलं, पण नाटक काही सावरलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. निर्माते मिस्टर व्हेनेबल्स वाईट माणूस नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना चहाला बोलावून सरळ सांगितलं की लीड्सलाही लोक हसले तर लंडनला दुसरा नट उभा करावा लागेल, आणि तो कोण हेही त्यांच्या मनात आहे. लीड्स म्हणजे तुमचं यॉर्कशर. तिथे तर मिस्टर ओल्डरॉइडला लोक स्वतःचा काका समजतात.

काल न्याहारीला मी क्लेमला म्हटलं, चेहरा बदललास, आवाज बदललास, चाल बदललीस, पण आत येताना हात अजून कोटाच्या काठाला जातात. त्यानं ऐकलं, अंड्याचं टोक कापलं, पण खाल्लं नाही. दुपारभर समुद्रकिनाऱ्यावर खुर्ची टाकून वाऱ्यात बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, हलवायचे नाहीत असं ठरवून. लोकांनी ओळखून सही मागितली तर म्हणाला की आज हात मोकळे नाहीत. संध्याकाळी आला तो गारठून, पण डोळ्यांत काहीतरी होतं. दिग्दर्शकाशी पुष्कळ बोलला. काय ते मलाही अजून नीट सांगत नाही.

वन्सं, तुम्ही लीड्सला या. तुम्ही रागावलात हे त्याला जितकं लागलं तितकं व्हेनेबल्सचं बोलणंही लागलेलं नाही. गुरुवार ता. सहाचा दुपारचा खेळ आहे, उजेडात घरी पोचाल. तिकिटांचं मी बघते.

तुमच्या शब्दाची आणि तुमची वाट बघणारी,
ऊना


टॉडमॉर्डन,
२० मार्च १९६७

चि. सौ. ऊनाला,
अनेक आशीर्वाद.

केकची कृती पोचली. तिकिटांची सोय नको. आमच्या चॅपलच्या बायकांची वसंतातली सहल असते, दरवर्षी बोल्टन ॲबीला जाऊन पावसात सँडविच खातो. या वेळी बस लीड्सला न्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं, बाकीच्यांनी हात वर केले.

बायकांची भीती तुला वाटत असेल, ती मलाही वाटते. मिसेस हेलीवेल हसली की पाठोपाठ अख्खी रांग हसते, प्रवचनात असं दोनदा झालंय. तिचा बंदोबस्त मी करीन. तू फक्त त्याला जेवायला घाल. अंडं टाकून उठतो म्हणजे काय?

त्याला माझ्या येण्याचं आदल्या दिवशी सांग, आधी नको.

तुझं बरं चिंतणारी,
हेटी


लीड्स,
७ एप्रिल १९६७

ती. हेटीताईस,
सा. न. वि. वि.

काल तू आलीस, त्या लोखंडी जिन्यानं वर चढून माझ्या खोलीपर्यंत आलीस.  तू माझ्या कॉलरकडे बघितलंस, म्हणालीस की हिला उकळत्या पाण्यात टाकायला हवी. मग म्हणालीस की बस सुटेल, मिसेस हेलीवेल खाली एकटी आहे. पोर्क पाईचं पुडकं टेबलावर ठेवलंस आणि गेलीस.

ऊना म्हणते, ताईंना आवडलं. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणते, पुडकं मोठं होतं.

ब्रायटनला काय झालं ते तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. लोक मला बघून हसत होते, आणि काम जायची वेळ आली होती. मग बरीच खटपट केली, ती तू काल पाहिलीसच. या आठवड्यात लीड्समध्ये एकदाही, कुणीही, नको तिथे हसलं नाही. काल खेळ संपल्यावर व्हेनेबल्स आत आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, लंडन पक्कं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लागतंय. लिहिणाऱ्या मुलीनं मला मिठी मारली, तिचा चष्मा माझ्या रंगानं भरला.

एक विचारायचं राहिलं. तुमची ती रांग मला मंचावरून दिसत होती. पहिल्या अंकभर सगळ्या बायका ओठ घट्ट मिटून, दाढ दुखत असल्यासारख्या बसल्या होत्या. कुठलंही दार उघडलं की सगळ्यांच्या माना ताठ. इतकं वाईट चाललं होतं का?

ताई, खरं काय वाटलं ते लिही. वर्तमानपत्रवाले काय म्हणतात ते मला चाळीस वर्षं वाचायची सवय आहे. तुझं मात्र कधी वाचलं नाही. कडू असलं तरी चालेल, पार्किन पचवलंय.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
क्लेम


टॉडमॉर्डन,
१० एप्रिल १९६७

चि. क्लेमला,
हेटीचे पोटभर आशीर्वाद.

खरं विचारलंस, तर बस हॅलिफॅक्सच्या पुढे गेल्यावर काय झालं तिथपासून सांगायला हवं. मी दांडीला धरून उभी राहिले आणि सगळ्यांना बजावलं की क्लेम मंचावर आला की जी हसेल ती लीड्सहून घरी चालत येईल. बायका घाबरल्या. मिसेस हेलीवेलनं तोड काढली की प्रत्येकीनं तोंडात पेपरमिंट धरून बसायचं, म्हणजे हसायला तोंडच मोकळं नाही. ते ओठ मिटलेले तू बघितलेस ना, तो सगळा पेपरमिंटचा प्रकार.

पडदा वर गेला. उंच पाठीची खुर्ची, आमच्याकडे पाठ करून. वर थोडे पांढरे केस, खाली शाल. त्या खुर्चीतून आवाज आला, सुका, कागद फाडल्यासारखा, की खिडकी कुणी उघडली. बराच वेळ नुसता आवाजच. मग घरातल्या एका मुलीनं खुर्ची वळवली. तो म्हातारा न्यायाधीश, सर ऑबरी. तोंड सुरीसारखं. हात शालीवर असे ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. एकच चहाचा कप त्यानं त्या पोरीला तीनदा परत न्यायला लावला. मिसेस हेलीवेल पेपरमिंटमधूनही म्हणाली की याला कुणीतरी एक द्यायला पाहिजे. मी म्हटलं, गप्प बस, क्लेम येईल आता.

कारण तू त्या दुसऱ्या म्हाताऱ्याचं काम करणार हे मी धरूनच चालले होते. बायकांनी ऐकलं होतं की नाटकात एक माळी आहे, आपल्याकडचं बोलणारा. तो तूच, दुसरं कोण असणार? दार उघडलं की आम्ही श्वास रोखायचो. डॉक्टर आला. पोस्टमन आला. अंकाच्या शेवटी माळी आला, मातीचे बूट घालून. आमची अख्खी रांग पुढे झुकली. तो तू नव्हतास. लाल तोंडाचा, माझ्या दुप्पट जाडीचा माणूस होता.

क्लेम, ऊनानं मला ब्रायटनचं सगळं लिहिलं होतं, तिच्यावर रागावू नकोस. मला वाटलं, काढला तुला. त्या व्हेनेबल्सनं लंडनची वाटही बघितली नाही, आणि तू कुठेतरी लॉजमध्ये एकटा बसलायस. मध्यंतर झालं. मिसेस हेलीवेलनं आइस्क्रीम आणून दिलं, ते माझ्या हातात वितळलं. मी छत्री घेतली आणि उठले. त्या माणसाला शोधून विचारणारच होते की माझ्या भावाला कुठे ठेवलंत. वाचायचा चष्मा घरी राहिला होता, छापलेलं दिसेना, म्हणून शेजारच्या गृहस्थांना म्हटलं की तुमच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेत क्लेमेंट स्टॅन्सफील्डचं नाव उरलंय का तेवढं बघा. त्यांनी वाचलं. सर ऑबरी, क्लेमेंट स्टॅन्सफील्ड. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मिसेस हेलीवेल म्हणाली, छापायला चुकलेत.

दुसरा अंक सुरू झाला तेव्हा मी तुला शोधत होते. कान बघितले, हनुवटी बघितली. कान तुझेच होते, ते कुणाला बदलता येणार? मग कळलं, ब्रायटनला दारातून आत येणारा तू आता खुर्चीतून उठतच नाहीस. थोडा वेळ मी त्या कानांना धरून बसले. मग तो मुलीला सांगायला लागला की ज्या माणसाला त्यानं फाशी दिली त्याचा चेहरा त्याला आठवत नाही, फक्त बूट आठवतात, नवे होते, कोर्टासाठी घेतलेले. तिथून पुढे मी कान बघायचे विसरले. शेवटी त्याला उघडी खिडकी लावायची असते आणि उठता येत नाही, आणि पोरगी गेलेली असते. मी रडले, क्लेम. तुझ्यासाठी नव्हे, त्या दुष्ट म्हाताऱ्यासाठी. मिसेस हेलीवेल तर इतकी रडली की पेपरमिंट घशात अडकलं, पाठीत धपाटे घालावे लागले.

नंतर जिना चढून आले तेव्हा हे सगळं माझ्या तोंडात होतं. तू बनियनमध्ये बसून तोंड पुसत होतास. रंग निघाला आणि आतून तू निघालास, आणि विचारलंस की जेवलीस का. मग मला काही बोलताच येईना. आपल्या घरात असलं कधी कुणी कुणाला बोललं नाही, मला त्याची सवयच नाही. कॉलर दिसली, म्हणून कॉलरचं बोलले. कॉलर तशी फार मळकी नव्हती.

बसमध्ये परत येताना मिसेस हेलीवेल तेवढी म्हणाली की तिला अजून खात्री नाही.

मेमध्ये लंडनला येते. कंबरेला पट्टा घेतलाय. जागा मागची दे, पुढून तोंडावरच्या रंगाच्या रेघा दिसतील आणि माझी मजा जाईल.

तू जन्मलास तेव्हापासून तुला ओळखते मी, बाळा, आणि गुरुवारी दुपारी तासभर तुला शोधत तुझ्याकडेच बघत बसले होते.

ऊनाला जवळ घे. दोघांनी मला आपलीच समजावं, आणि गाडी कुठली धरू ते लवकर कळवावं.

हेटी